फुकटचं प्यादं

गव्हाला पाणी द्यायची पाळी रात्रीची आली की मी मोबाईलवर बुद्धिबळ खेळतो. आमच्या शिवारात थ्री फेज लाईन काही दिवस दिवसा असते, काही दिवस रात्री. रात्रीची असली की मफलर गुंडाळून, टॉर्च घेऊन विहिरीवर बसावं लागतं. एक वाफा भरेपर्यंत तीन-तीन मिनिटांचे दोन डाव सहज होतात. रेंज फक्त विहिरीच्या कठड्यावर, तीही बाभळीकडे तोंड करून बसलं तर.

माझ्याकडे काळी मोहरी आली आणि समोरच्यानं वजिरापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं, की माझं शहाणपण झोपी जातं. मी राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे नेऊन सरळ त्याच्या तोंडात देतो. घे बाबा! याला एंगलुंड गॅम्बिट म्हणतात; गॅम्बिट म्हणजे पुढच्या फायद्यासाठी मुद्दाम दिलेला बळी. फ्रिट्झ एंगलुंड नावाच्या स्वीडिश गृहस्थानं १९३२ साली या सुरुवातीची एक खास स्पर्धाच पुरस्कृत केली होती. कौतुक तेवढंच. कॉम्प्युटरला विचारलं तर पहिल्याच चालीला तो माझ्या नावानं आंघोळ करून मोकळा होतो.

पण सहाव्या चालीपाशी एक खड्डा आहे. प्यादं खाल्लं की मी घोडा काढतो, तोही घोडा काढतो. मी वजीर राजापुढे आणतो, तो खाल्लेलं प्यादं राखायला उंट बाहेर काढतो. मग माझा वजीर कडेनं जाऊन शह देतो, आणि त्याच दमात त्याच्या उंटावर न् घोड्यापुढच्या प्याद्यावर डोळा ठेवतो. तो उंट मागे घेऊन शह अडवतो, मी ते प्यादं खातो. आता माझा वजीर त्याच्या घरात एकटा, चोरासारखा. समोरच्याला वाटतं, सापडला! तो घाईघाईनं तोच उंट एक घर पुढे टाकून वजिरावर रोखतो. इथंच तो मरतो. माझा उंट येऊन त्याच्या उंटाला राजासमोर खिळवतो, आणि आणखी दोन चालींत मात. एकूण आठ चाली. उंटाऐवजी त्यानं घोडा काढला असता, तर पुढचा सगळा डाव मी रडत खेळलो असतो.

भाचा सातवीत आहे. नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकला, तेव्हापासून त्याच्या हातून पट सुटत नाही. त्याच्यावर हाच डाव टाकून बघितला, तर त्यानं तो घोडा न बघताच काढला. वर म्हणाला, "मामा, हे तं चुकीचं हाय. काऊन खेळता तुम्ही?" मी त्याला कॉक्रेनची गोष्ट सांगितली. जॉन कॉक्रेन नावाचा बॅरिस्टर १८४८ साली कोलकात्यात महेशचंद्र बॅनर्जींशी खेळताना दोन प्याद्यांसाठी अख्खा घोडा देऊन बसला. आणि तीच चाल १९९९ मध्ये टोपालोव्ह नावाच्या ग्रँडमास्टरनं क्रॅमनिकसारख्या दिग्गजावर खेळून डाव बरोबरीत सोडवला. भाच्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण तुम्ही टोपालोव्ह हाय का?"

नाही. माझं रेटिंग, म्हणजे खेळाडूची ताकद सांगणारा आकडा, नवशिक्यांच्या अकराशेच्या आसपास लोंबकळतं. त्या आळीत समोरचाही माझ्यासारखाच, घाईतला आणि हावरा. माझा सगळा धंदा त्याच्या हावरेपणावर चालतो, हे काही भूषणावह नाही. पण शहाण्यासारखी सुरुवात करून चाळीस चाली दळण दळायचं आणि शेवटी हत्ती फुकट घालवून हरायचं, त्यापेक्षा हे बरं.

बाबांना बुद्धिबळ येत नाही. मात्र मे सरता सरता पाऊस यायच्या आत कोरड्यात कपाशी लावायची खोड त्यांना आहे. पाऊस वेळेवर पडला तर पीक पंधरा दिवस पुढे, नाहीतर दुबार पेरणी. मी एकदा म्हटलं, बाबा, तुमची धूळपेरणी म्हणजे माझं गॅम्बिटच. पाकिटं मोजता मोजता ते म्हणाले, "तुह्यं प्यादं मेलं तं तू नवा डाव मांडतं. माह्यं बियाणं मेलं तं?" पावणेपाचशे ग्रॅमचं एक पाकीट २०२५ मध्ये नऊशेच्या घरात होतं. मी पुन्हा ती उपमा दिली नाही.

परवाच्या रात्री एक मासा बरोबर खड्ड्यापाशी येऊन थांबला. सहावी चाल, आणि तो विचार करतोय. दहा सेकंद, वीस सेकंद. मी श्वास रोखून बसलेला. तेवढ्यात पाण्याचा आवाज बदलला. टॉर्च मारला तर दांड फुटून पाणी शेजारच्यांच्या हरभऱ्यात शिरत होतं. मोबाईल कठड्यावर टाकून फावडं घेऊन धावलो. एक चप्पल चिखलात गेली ती गेलीच. माती ओढून, वर दोन दगड ठेवून दांड बुजवला आणि अनवाणी परत आलो.

त्यानं उंटच टाकला होता. अगदी मला हवा तिथं. आणि माझं घड्याळ शून्यावर.

सकाळी बाबा दांडापाशी उभे राहून चिखलातली चप्पल काठीनं उकरत होते. "रातभर काय करत होता रे?"

"पाणीच देत होतो," म्हटलं.