‘२+’ आणि अडकलेला ब्लॉक

स्तनाच्या कॅन्सरसाठी मॅमोग्राफी, सोनोग्राफी, बायोप्सी सगळं भराभर उरकलं. गाडी अडली ती रिपोर्टमधल्या एका ओळीवर. ईआर, पीआर (गाठीच्या पेशींमधले हार्मोनचे ग्राहक) पॉझिटिव्ह, आणि हर-टू (गाठीची वाढ भडकवणारं प्रथिन) २+.

० किंवा १+ म्हणजे निगेटिव्ह, ३+ म्हणजे पॉझिटिव्ह. २+ आलं की फिश, म्हणजे हर-टूच्या जनुकाच्या प्रती मोजणाऱ्या तपासणीशिवाय निकाल लागत नाही. माझी गाठ अडीच सेंटिमीटरची. हर-टू पॉझिटिव्ह निघालं तर आधी केमो आणि ट्रास्टुझुमॅब (हर-टूला रोखणारं औषध), मग ऑपरेशन. निगेटिव्ह निघालं तर आधी ऑपरेशन. म्हणजे सगळंच त्या एका रिपोर्टवर अवलंबून.

फिश दुसऱ्या लॅबमध्ये होणार होती, त्यासाठी बायोप्सीचे तुकडे मेणात बसवलेला ब्लॉक तिकडे जायचा होता. रोज काउंटरवर विचारायचे, रोज उत्तर एकच, “ब्लॉक पाठवलाय, रिपोर्ट आला की फोन करू.” नवव्या दिवशी मीच त्या लॅबला फोन लावला. माझ्या नावाची नोंदच नव्हती! ब्लॉक इथेच खणात पडून होता, कारण मागणीच्या फॉर्मवर डॉक्टरांची सही राहिली होती. नऊ दिवस, एका सहीसाठी. तो संताप अजून उतरलेला नाही. सही घेतली आणि ब्लॉक स्वतः नेऊन दिला. काडेपेटीहून लहान प्लास्टिकची चौकट, त्यात पांढरं मेण, मेणात दोऱ्यासारखे चार तुकडे. पोचपावती घेतल्याशिवाय तिथून हलले नाही. तुम्हीही ‘पाठवलाय’वर विसंबू नका, पाठवल्याची तारीख आणि तिकडचा नोंदणी क्रमांक मागा.

त्या दिवसांत घरचे म्हणत होते, “सगळंच काढून टाक, डोक्याला ताप नको.” मलाही तेच वाटायचं. सर्जननी मात्र शांतपणे बसवून सांगितलं. अमेरिकेतले फिशर आणि इटलीतले वेरोनेसी या सर्जनांच्या अभ्यासांचे वीस वर्षांचे निष्कर्ष २००२ साली आले. फक्त गाठ काढून रेडिएशन घेतलेल्या बायका पूर्ण स्तन काढलेल्यांइतक्याच जगल्या. त्याच स्तनात पुन्हा गाठ येण्याची शक्यता थोडी जास्त, पण आयुष्य कमी होत नाही. हे ऐकलं आणि त्या रात्री मी झोपले.

फिश पॉझिटिव्ह आली. ट्रास्टुझुमॅबच्या आधी हृदयाचा टूडी इको करतात, तोही झाला.

एक सांगायचं राहिलंच. केमो आधी असेल तर गाठीत धातूची बारीक क्लिप बसवणार का, हे नक्की विचारा. गाठ विरली तर सर्जनला नेमकी जागा त्या क्लिपवरूनच कळते. माझी गाठ तिसऱ्या केमोनंतर हाताला लागेनाशी झाली.