डासांचे औषध, उन्हाची क्रीम आणि कॅमेऱ्याचे रबर

गोंदियाकडच्या धानाच्या बांध्यांमध्ये सारस टिपायचा असो, की ताडोबाच्या बफरमध्ये मे महिन्यात पाणवठ्यासमोर जिप्सीत बसून राहायचे असो, अंगाला काहीतरी चोपडल्याशिवाय आमच्या भागात छायाचित्रण होत नाही. उन्हाळ्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि रोवणीच्या दिवसांत मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या काठी डास क्षणभर उभे राहू देत नाहीत. लेन्सवरील बुरशी आणि धूळ यांविषयी आपण पुष्कळ बोलतो. परंतु कॅमेऱ्याच्या पकडीचे रबर चिकट होणे, मागच्या पडद्यावर न पुसला जाणारा धुरकट डाग पडणे, बटणांवरील अक्षरे उडणे यांमागे अनेकदा आपल्याच तळहाताला लागलेले रसायन असते.

यातील मुख्य आरोपी डीट. अमेरिकी सैन्यासाठी १९४६ साली विकसित झालेले आणि १९५७ पासून सर्वसामान्यांना मिळू लागलेले हे द्रव्य डासांवर प्रभावी आहेच, पण ते एक चांगले द्रावकही आहे. अनेक प्रकारचे प्लास्टिक, रंग, वॉर्निश आणि कृत्रिम चामडे त्याच्या संपर्काने मऊ पडतात किंवा विरघळू लागतात. सुती कापड, लोकर, नायलॉन आणि काच यांना मात्र त्याचा उपद्रव नाही. आपल्याकडच्या काही मलमांमध्ये डीटऐवजी डायइथिल बेन्झामाइड असते, ज्याची रासायनिक रचना डीटच्या अगदी जवळची आहे, म्हणून मी त्यालाही तितक्याच संशयाने वागवतो. सिट्रोनेलासारखी तेले ‘नैसर्गिक’ असली तरी प्लास्टिकला ती निरुपद्रवी ठरतातच असे नाही. पिकारिडिन असलेले औषध मिळत असेल तर ते घ्यावे, कारण ते प्लास्टिक विरघळवत नाही.

उन्हाच्या क्रीमची रीत वेगळी. तिच्यातील अॅव्होबेन्झोन, ऑक्टोक्रिलीन यांसारखी ऊन अडवणारी रासायनिक द्रव्ये आणि तेले रबरात व प्लास्टिकमध्ये हळूहळू मुरतात. झिंक ऑक्साइडची क्रीम त्या मानाने सौम्य, पण पांढरा थर सोडणारी. तळहातांपाठोपाठ चेहरा हा दुसरा मार्ग आहे: गाल आयकपला, म्हणजे डोळा टेकवायच्या रबरी कडेला घासतो, आणि डाव्या डोळ्याने पाहणाऱ्यांचे नाक थेट पडद्यावर टेकते.

कॅमेरा जपायचा म्हणून औषधच लावायचे नाही, हा शहाणपणा आमच्याकडे तरी करू नये. गडचिरोली-गोंदियाच्या पट्ट्यात हिवताप आजही आहे. त्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, रुंद काठाची टोपी आणि गळ्याभोवती सुती दुपट्टा घेतला की औषध लावायची त्वचाच थोडी उरते, शिवाय कॅमेऱ्याचा पट्टा मानेवरच्या क्रीमला चिकटत नाही. आधी क्रीम, ती मुरल्यावर डासांचे औषध, त्यानंतर साबणाने स्वच्छ धुतलेले तळहात, आणि हे सारे कॅमेरा पिशवीबाहेर काढण्यापूर्वी, असा क्रम मी ठेवतो. जंगलात कागदी साबण आणि पाण्याची एक जादा बाटली पुरते. जिप्सीत कोणी फवारा काढलाच तर त्यांना नम्रपणे खाली उतरून, वाऱ्याच्या दिशेने दूर जाऊन मारायला सांगावे. ताडोबाच्या सफारीत गाडीतून उतरता येत नसल्याने तिथे ही विनंती प्रवेशद्वारापूर्वीच करावी लागते. औषधाची बाटली कॅमेऱ्याच्या पिशवीत कधीही नको, कारण उन्हात तापलेल्या गाडीत तिचे झाकण पाझरते.

एवढे करूनही हात लागलाच, तर घरी पोहोचेपर्यंत थांबू नये. पाणी आणि सौम्य साबण यांत जेमतेम ओलसर केलेल्या कापडाने पकड लगेच पुसावी, नंतर साध्या पाण्याच्या ओलसर कापडाने आणि शेवटी कोरड्याने. लेन्सच्या काचेवरील तेलकट ठसा मात्र आधी ब्लोअरने (हवा मारायच्या रबरी फुग्याने) धूळ उडवून, मग लेन्स क्लीनरच्या थेंबाने मायक्रोफायबर कापडावर घ्यावा. दुपट्ट्याच्या टोकाने काच पुसण्याची आपली सवय इथे नडते, कारण त्यातील धूळ काचेवरच्या लेपावर ओरखडे उठवते. रबर फुगून सैल झाले असेल तर त्याला स्पिरिट चोळण्यात अर्थ नाही, त्याने उरलेला पृष्ठभागही जातो. अशा वेळी सेवा केंद्रात पकडीचे नवे रबर बसवून घ्यावे; बहुतेक प्रचलित मॉडेलांसाठी ते सुटे मिळते.