कांदा चांगला

उद्योजकता कक्ष माझ्याकडे आला तो कसा, तर आधीचे सर कॉलेज सोडून गेले आणि ज्या मीटिंगमध्ये कामं वाटली गेली त्या दिवशी मी रजेवर होते. शिकवते इलेक्ट्रॉनिक्स. धंद्याशी आमच्या घराचा संबंध एवढाच, की वडिलांनी एकदा पिठाची गिरणी घेतली आणि दोन वर्षांत विकली. तरी गेली काही वर्षं नाशिकच्या पोरापोरींना 'गुंतवणूकदारापुढे कसं बोलावं' हे मी शिकवते आहे.

ही गोष्ट 2025 च्या फेब्रुवारीतल्या एका शनिवारची. नऊ टीम, प्रत्येकी पाच मिनिटं बोलायला, पुढं पाच-सात मिनिटं प्रश्न. घंटा माझ्या हातात. ज्युरीत तिघं. पुण्याचे एक एंजल गुंतवणूकदार, म्हणजे नव्या कंपन्यांत स्वतःचे पैसे घालणारे, सातपूरच्या एका कारखान्याच्या मालकीणबाई, आणि तिसरे लासलगावकडचे कांद्याचे व्यापारी. व्यापारीकाका खरं तर ऐनवेळी आले. मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांनी आदल्या रात्री नाही कळवलं आणि रिकामी खुर्ची वाईट दिसते म्हणून आमच्या प्राचार्यांनी ओळखीतल्या त्यांना बसवलं. धोतर-टोपी नव्हती, साधा सफारी होता, पण 'स्केलेबल' हा शब्द आला की ते शेजारच्या बाईंकडे बघायचे.

पहिल्या पाच टीमबद्दल फार सांगण्यासारखं नाही. होस्टेलच्या कपड्यांसाठी ॲप, मेसच्या डब्यांसाठी ॲप, कचऱ्यातून वीज. टीव्हीवर तो गुंतवणुकीचा कार्यक्रम सुरू झाल्यापासून पोरं हात कसे हलवायचे तेही तिथूनच शिकून येतात.

सहावी टीम माझी लाडकी. तीन मुलगे आणि निफाड तालुक्यातली एक मुलगी. विषय कांदा चाळ, म्हणजे कांदा साठवायची हवेशीर जागा. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत जातो आणि भाव बघत बघत ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत बाहेर निघतो. मधल्या काळात तो वजनाला हलका होतो, पावसाळी दमटपणात सडतो, शेवटी कोंब काढतो. सड आतल्या बाजूला सुरू होते. बाहेर वास येईपर्यंत आजूबाजूचे कांदे गेलेले असतात. या मुलांनी प्रत्येक कप्प्यात एक छोटी डबी बसवली होती. आत दीडदोनशे रुपयांचा एमक्यू-135 हा गॅस सेन्सर, तापमान आणि आर्द्रता मोजायची सोय, आणि बातमी मोबाइलवर पाठवणारी एक चिप. सड सुरू झाली की अलार्म.

आता माझं पाप सांगते. मुलीकडे एक दोनशे पानी वही होती. 2024 च्या जूनपासून ऑक्टोबरपर्यंत चार चाळींत, दोन घरच्या आणि दोन मामाच्या, तिनं रोजच्या नोंदी लिहिल्या होत्या. त्यात खोटे अलार्म भरपूर. हा सेन्सर काही कांद्याची सड ओळखत नाही. त्याला अमोनिया चालतो, धूर चालतो, अल्कोहोल चालतं, आणि हवा दमट झाली की त्याचे आकडे आपोआप सरकतात. पावसाळ्यात कांदा चाळीत हवा दमट नसेल तर कधी असेल! शिवाय त्याच्या आतला हीटर सतत 150 मिलिअँपियरच्या आसपास खातो, त्यामुळं पॉवर बँक दीड दिवसात झोपायची. शेतातली वीज आठ तास, तीही कधी दिवसा कधी रात्री. शेवटी सोलर पॅनल लावलं.

ही सगळी माहिती पहिल्या डेकमध्ये, म्हणजे स्लाइडच्या संचात, होती. मी ती काढायला लावली. "गुंतवणूकदाराला अडचणी नको, संधी दाखवा," असं मी म्हणाले. हे वाक्य मी एका कार्यशाळेतून उचललं होतं. त्या जागी स्लाइड आली: 2022-23 मध्ये देशात सुमारे 302 लाख टन कांदा, बाजारपेठ अमुक हजार कोटी, त्यातला फक्त एक टक्का आम्हाला मिळाला तरी वगैरे.

सकाळी स्टेजवर दोन क्रेट ठेवले, एकात चांगला कांदा, एकात सडका. असा सेन्सर आधी चोवीस तास तरी तापवावा लागतो, म्हणून शुक्रवारी दुपारीच लावून ठेवला होता. रात्री कुणीतरी सभागृहाचा मेन स्विच बंद केला. सकाळी घाईत मुलांनी अलार्मची मर्यादा अंदाजाने खाली आणली. मी ते पाहिलं आणि काही बोलले नाही.

पिच, म्हणजे पाच मिनिटांचं बोलणं, बरी झाली. घंटा वाजायच्या चार सेकंद आधी संपली, याचा मला अभिमानही वाटला. मग पुण्याचे गृहस्थ उठून क्रेटपाशी आले, सडका कांदा हातात घेऊन दाबला, नाक मुरडलं आणि खिशातून सॅनिटायझरची बाटली काढली. हात चोळत चोळत ते चांगल्या कांद्याच्या क्रेटवर वाकले.

अलार्म वाजला. चांगल्या कांद्याचा. आणि सडक्या क्रेटची डबी गप्प.

सभागृह हसलं. टीमचा बोलका मुलगा "सर, ॲक्च्युअली" म्हणून थांबला. मुलगी पुढं आली आणि बझरची वायर काढून म्हणाली, "सर, याला अल्कोहोलपण कळतं. आमच्या चाळीत शेजारी फवारणी झाली तरी वाजतं. पाऊस पडला की वाजतं. मागच्या सीझनला जेवढे अलार्म झाले त्यातले निम्म्याहून जास्त खोटे होते."

मी घंटेकडे बघत बसले.

"हे तुमच्या स्लाइडवर कुठंय?" मालकीणबाईंनी विचारलं.

"स्लाइडवर नाही. वहीत आहे."

व्यापारीकाकांनी तोपर्यंत तोंड उघडलं नव्हतं. त्यांनी हात पुढं केला. "आण पोरी." चष्मा चढवून मधलंच एक पान काढलं आणि मोठ्यानं वाचायला लागले: "अकरा जुलै. पाऊस. अलार्म. कप्पा उघडला. कांदा चांगला. बारा जुलै. पाऊस. अलार्म. कांदा चांगला. एकोणीस जुलै. ऊन. अलार्म. कप्पा तीन, खालून दोन हात, सात कांदे सडके, एकाला काजळी." ते थांबले. "ऊन असताना वाजलं की खरं निघतं का गं?"

"बहुतेक वेळा, काका. म्हणून आता आर्द्रता वजा करायचं गणित बसवतोय. अजून नीट बसलं नाही."

पुढची पाच-सात मिनिटं म्हणजे पंचवीस झाली. घंटा मी वाजवलीच नाही, पुढच्या टीम चिडल्या.

पुण्याच्या गृहस्थांनी आधी ती स्लाइड परत लावायला सांगितली. "हा जो एक टक्का आहे, तो राहतो कुठं? त्याचा पत्ता द्या." मग म्हणाले, "लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचं विकिरण केंद्र 2002 पासून आहे. मग तुमची गरज काय?" याचं उत्तर मुलीला पाठ होतं. विकिरणानं कोंब थांबतात, सड थांबत नाही. त्यांनी मान डोलावली आणि खरा प्रश्न टाकला: पैसे कोण देणार?

"माझे वडील देणार नाहीत," ती म्हणाली. "मागं बसलेत, विचारा त्यांना."

वडील शेवटच्या रांगेत होते. संकोचत उठले. "सायेब, पोरीचं यंत्र चांगलंय. पन सडतंय हे कळल्यावर बी भाव नसला तं चाळ फोडून कुठं नेऊ? त्या डिसेंबरात निर्यातबंदी आली तव्हा माझा कांदा चांगलाच व्हता. भाव सडला." सभागृहातले अर्धे शेतकऱ्यांचेच मुलगे, त्यांनी टाळ्या वाजवल्या. 8 डिसेंबर 2023 ची ती बंदी मे 2024 मध्ये उठली, पण आम्ही बोलत होतो त्या दिवशीही निर्यातीवर 20 टक्के शुल्क होतंच.

"मी देईन," व्यापारीकाका वहीतून डोकं न काढता म्हणाले. "माझ्या खळ्यावर एका वेळी बारा चाळी भरलेल्या असतात. माल तर मला काढायचाच असतो. आधी कुठली फोडायची एवढं कळलं तरी पुष्कळ. पण विकत नाही घेणार. भाड्यानं द्या सीझनपुरतं. बिघडलं की तुमचा माणूस यायला पाहिजे."

चार महिने आम्ही 'ग्राहक: शेतकरी' असं ठळक अक्षरात लिहीत होतो.

पैशांचा भाग मात्र कडू निघाला. मुलांनी कंपनीतल्या 10 टक्के हिश्श्याला 20 लाख मागितले होते. "म्हणजे तुमची कंपनी 2 कोटींची," पुण्याचे गृहस्थ म्हणाले. "कंपनी आहे का?" नव्हती, नोंदणीच केली नव्हती. "चौघांचे हिस्से?" समान, 25-25 टक्के. "उद्या एखादा नोकरीला गेला, तर त्याचे 25 टक्के घेऊन जाणार?" चौघांपैकी एकानं खाली पाहिलं. त्याच्या बॅगेत हिंजवडीच्या कंपनीचं ऑफर लेटर होतं. ते त्याला आणि मला दोघांनाच माहीत होतं. गृहस्थांना काय दिसलं कोण जाणे, त्यांनी फार ताणलं नाही. हिस्से एकदम वाटू नका, चार वर्षांत थोडे थोडे मिळतील अशी लेखी अट घाला, पहिल्या वर्षाच्या आत जाईल त्याला काही नाही, एवढं सांगितलं. आणि म्हणाले, "माझे पैसे आता घेऊच नका. कंपनी नोंदवा, सरकारच्या स्टार्टअप इंडियाची मान्यता घ्या आणि इन्क्युबेटर, म्हणजे नव्या कंपन्यांना हात देणारी संस्था, तिच्यामार्फत त्यांच्या सीड फंडाला अर्ज करा. प्रोटोटाइपसाठी 20 लाखांपर्यंत अनुदान मिळू शकतं, त्यात हिस्सा द्यावा लागत नाही. सेन्सर खरं बोलायला लागला की मला फोन करा."

निकालात पहिला नंबर होस्टेलच्या कपड्यांच्या ॲपचा. ज्युरीची गुणपत्रिका मीच बनवली होती आणि 'सादरीकरण' या रकान्याला शंभरातले चाळीस गुण ठेवले होते. कांदेवाले पाचवे आले.

ऑफरवाला मुलगा संध्याकाळी मला जिन्यात भेटला. "मॅडम, मी जॉइन होणार. तिला तुम्ही सांगाल का?" मी नाही म्हटलं. तुझं तू सांग.

सभागृहाला सडक्या कांद्याचा वास भरून राहिला होता, शिपाईमामा माझ्याच नावानं बडबडत खिडक्या उघडत होते. व्यापारीकाका जाताना वही माझ्या टेबलावर ठेवून गेले होते, त्यांना झेरॉक्स हवी होती आणि कॉलेजचं मशीन बंद होतं. मुलगी ती न्यायला आली, पण आधी तिथंच उभ्या उभ्या पेन काढून काहीतरी लिहिलं. मी डोकावले. ऑक्टोबरच्या शेवटच्या नोंदीखाली एक ओळ सोडून तिनं त्या दिवसाची तारीख घातली होती आणि पुढं लिहिलं होतं: "सभागृह. सॅनिटायझर. अलार्म. कांदा चांगला."