नाल्याचं पाणी आणि नमुना जमा करायची खिडकी

आधी हे लिहून ठेवा: गुरुवारनंतर पाऊस येणार असेल, तर बाटल्यांसोबत सल्फ्युरिक आम्ल न्या. मी नेलं नव्हतं.

काम साधं होतं. काटोलकडच्या एका नाल्याला वरची कपाशीची वावरं आणि संत्र्याच्या बागा उतरतात. त्या पाण्यातून किती नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) वाहून जातं, ते मोजायचं. प्रवाह मोजायला नाल्यात आडवी लावायची ९० अंशांची व्ही-खाच, म्हणजे V आकाराची खाच कापलेली फळी, एका दिवसात बसली. पाण्याची उंची मोजायची पट्टी मात्र खाचेलगत ठोकू नका, तिथे पाणी आधीच खाली झुकलेलं असतं. उंचीच्या निदान चौपट मागे लावा. २० सेंटिमीटर उंचीला सेकंदाला साधारण २५ लिटर प्रवाह धरा.

गुरुवारी रात्री ८ ला बाटल्या भरल्या, बर्फाच्या डब्यात टाकल्या. शुक्रवारी दुपारी पावणेदोनला नागपुरातल्या एका प्रयोगशाळेच्या खिडकीवर. नमुने २ पर्यंतच घेतात. अर्जात 'पाण्याचा स्रोत' खाली तीनच पर्याय: विहीर, बोअरवेल, नळ. नाला लिहिला तर म्हणे पत्र लागेल. पत्र होतं, तर त्यावर जावक क्रमांक नव्हता. तो फोनवरून मिळवेपर्यंत, "भाऊ, आवक बंद झाली, आता सोमवारी या." सोमवारी १० ला बाटली ८६ तासांची झालेली. ती घेतली मात्र बिनतक्रार, कारण अर्जात नमुना मिळाल्याची तारीख विचारतात, भरल्याची वेळ विचारतच नाहीत!

४ अंशांवर ठेवलेल्या पाण्यातलं नायट्रेट ४८ तासांच्या आत तपासायला हवं. बर्फाने जिवाणू मंदावतात, मरत नाहीत. ते अमोनियाचं नायट्रेट करतात, नायट्रेट खातातही. अहवालात आकडा छापून येतो, पण त्याचा नाल्याशी संबंध उरलेला नसतो. त्या सगळ्या बाटल्या मी ओतून दिल्या.

पुढच्या पावसाला खिडकीच्या वेळेची घाईच ठेवली नाही. अर्ध्या लिटरला १ मिलि तीव्र सल्फ्युरिक आम्ल, हातमोजे घालून, थेंबाथेंबाने. सामू (pH) २ च्या खाली गेला की नाही ते सामूच्या कागदी पट्टीने बघायचंच. आपल्या काळ्या मातीत चुनखडी असते, गढूळ पाण्याला जास्त आम्ल लागतं. मग २८ दिवसांची सवड मिळते. नायट्रेट आणि नायट्राइट मात्र मिळूनच मोजले जातात. आणि चुकूनही नायट्रिक आम्ल वापरू नका, त्यातून नायट्रेटच पडेल.

विद्राव्य स्फुरदाची बाटली वेगळी. तिच्यात आम्ल टाकलं तर मातीच्या कणांना चिकटलेलं स्फुरद सुटून पाण्यात येतं. ती नाल्यावरच ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून काढायची. काळी चिकण माती वीस-तीस मिलितच गाळणी बुजवते, म्हणून वर काचतंतूची जाड गाळणी ठेवा. बाटल्या साबणाने धुऊ नका. १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल, मग ऊर्ध्वपातित पाणी.

अहवाल आला त्यात 'नायट्रेट ८'. कशाचे ८? नत्र म्हणून (फक्त त्यातल्या नत्राचं वजन) की नायट्रेट म्हणून (अख्ख्या नायट्रेटचं)? दोन्हींत ४.४३ पटींचा फरक. हे विचारायला पुन्हा तीच खिडकी, पुन्हा दोन फेऱ्या. नत्र म्हणून ८ मिग्रॅ प्रति लिटर असेल, तर २५ लिटरच्या प्रवाहात ताशी ७२० ग्रॅम नत्र जातं. ४५ किलोच्या युरियाच्या गोणीतलं २०.७ किलो नत्र २९ तासांत वाहून गेलं समजा. नायट्रेट म्हणून ८ असेल, तर त्याच गोणीला पाच दिवसांहून जास्त लागतील. पिण्याच्या पाण्याची ४५ मिग्रॅ प्रति लिटरची मर्यादा नायट्रेट म्हणून आहे, तिच्याशी तुलना करतानाही हेच बघा. अर्जावरच 'नत्र म्हणून' असं लिहून, सही घेऊन या.

अजून एक राहिलं. पूर ओसरताना एकच बाटली भरून उपयोग नाही. पाणी चढतानाच दर १५ मिनिटांनी भरा. गाळ आणि त्याला चिकटलेलं स्फुरद बहुधा पाण्याच्या शिखराआधीच येऊन जातं, मातीतून झिरपलेलं नायट्रेट मागून येतं. आणि बाटलीवर नाव पेन्सिलीने, कागदी चिकटपट्टीवर. बॉलपेनची शाई बर्फाच्या पाण्यात उतरते.