पत्त्यांचं छत

आजचा उद्योग असा: लिनक्सवर प्रोग्रामला मेमरीचा सगळ्यात वरचा पत्ता कुठला मिळतो, ते वेगवेगळ्या प्रोसेसरांवर ठोकून बघायचं. कागदोपत्री सगळे ६४ बिटचे. छत मात्र प्रत्येकाचं निराळं.

प्रोग्राम छोटासाच. एममॅपला (कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, मेमरी मागायची सोय) दोनाच्या चढत्या घातांचे पत्ते द्यायचे, एकेक पेज (मेमरीचा ठराविक आकाराचा तुकडा) मागायचं, मिळालं की सोडून द्यायचं. मॅप_फिक्स्ड, म्हणजे ‘याच पत्त्यावर दे’ असं सांगणारा फ्लॅग, इथे कामाचा नाही. त्या पत्त्यावर आधी जे काही असेल ते तो मुकाट पुसून टाकतो, म्हणजे चाचणी करता करता स्वतःचाच स्टॅक (चालू फंक्शनांच्या नोंदींची मेमरी) उडायचा. ४.१७ पासूनच्या कर्नलमध्ये मॅप_फिक्स्ड_नोरिप्लेस आहे, जागा व्यापलेली असली की तो सरळ एरर देतो. जुना कर्नल हा फ्लॅग ओळखत नाही आणि पत्ता नुसती हिंट (सुचवणी, सक्ती नव्हे) समजून पेज भलतीकडेच देऊ शकतो, तेव्हा हाती आलेला पत्ता ताडून पाहणं आलंच.

एक्स८६-६४ वर (इंटेल-एएमडीचे नेहमीचे प्रोसेसर) ४७ बिट, म्हणजे १२८ टेराबाइट, आणि त्यातलंही शेवटचं पेज वजा. हे एक पेज का सोडलंय ते वाचून मजा वाटली. अगदी टोकाला सिस्कॉलची, म्हणजे कर्नलला हाक मारणारी, सूचना असेल, तर परतीचा पत्ता अवैध हद्दीत जातो आणि इंटेलच्या प्रोसेसरवर सिसरेट ही परतीची सूचना त्यावर कर्नल मोडमध्येच अडखळते. म्हणून ते पेज कुणालाच नाही. आर्म६४ वर कर्नल आणि प्रोग्राम यांच्या पेज टेबलांसाठी (पत्त्यावरून खरी मेमरी शोधायचे तक्ते) वेगवेगळे रजिस्टर असल्यामुळे ४८ बिट पूर्ण प्रोग्रामच्या वाट्याला, २५६ टेराबाइट. अर्थात कर्नल ३९ बिटांसाठी बांधलेला असला की हा आकडा कोसळतो. आरआयएससी-व्ही प्रोसेसरवर एसव्ही३९ (३९ बिटांची पत्ता-पद्धत) असेल तर जेमतेम २५६ गिगाबाइट!

खरी गोम पुढे आहे. नव्या इंटेल सर्व्हरांवर पेज टेबलाचे पाच स्तर असतात आणि प्रोग्रामला ५६ बिट मिळू शकतात. पण पत्ता न सांगता पेज मागितलं तर कर्नल ४७ च्या वर कधीच जात नाही. ४७ च्या वरचा पत्ता हिंट म्हणून दिला तरच वरचा मजला उघडतो. आर्म६४ वर ५२ बिटांचंही तसंच. कारण जुनं आहे: जावास्क्रिप्टची काही इंजिनं पॉइंटरचे (मेमरीचा पत्ता ठेवणाऱ्या मूल्याचे) वरचे बिट रिकामेच असणार असं धरून तिथे टाइपच्या खुणा ठेवतात. आर्मवर ४७ ऐवजी ४८, या एका जादा बिटानेही असा कोड कोसळलेला आहे. कर्नलवाल्यांचा नाइलाज मला पटतो, आवडत नाही.

म्हणून प्रोग्राम आता दोन आकडे छापतो: मागून कुठवर मिळतं आणि न मागता कुठवर. पॉइंटरात खुणा ठेवणारा दुसऱ्या आकड्यावर विसंबतो. त्याच प्रोसेसमधल्या एखाद्या लायब्ररीने हिंट देऊन वरची जागा घेतली आणि तिथला पॉइंटर त्याच्या हाती दिला, तर कर्नल त्याला वाचवणार नाही.