घरी भरलेलं काडतूस अन् रोज बदलणारा नेम

मोंटानात लोक घरीच काडतुसं भरतात हे सांगितल्यापासून गावचे मित्र फोनवर तेच काढतात. "काहून बे, पोलीस काही म्हणत नाही का?" नाही म्हणत भाऊ, इथे ते कायद्यात बसतं. ज्या दुकानात मासे धरायचे गळ अन् तंबू मिळतात तिथेच रिकाम्या पितळी पुंगळ्या, प्रायमर (पुंगळीच्या बुडात बसणारी, ठिणगी पाडणारी टोपी), पावडर म्हणजे दारू, गोळ्या असं सगळं सुटं मिळतं आणि हिवाळ्यात गॅरेजमधल्या बाकावर बसून लोक एकेक काडतूस हाताने भरतात. आपल्या विदर्भात दारूगोळा म्हटलं की जवाहरनगर, भद्रावती, अंबाझरीचे सरकारी कारखाने, म्हणजे लांबलचक कुंपण अन् गेटवर पहारा. आपल्याकडे हे घरी करायचं नाही हे इथेच सांगून ठेवतो, १९५९ च्या शस्त्र कायद्यात विनापरवाना काडतूस बनवणं गुन्हा आहे आणि शिकारीवर तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यानेच बंदी आहे.

तर राजेहो, माझ्या शेजारी एक आजोबा राहतात. जन्म शिकारीत गेला, हरीण नाहीतर एल्क (इकडचं मोठं हरीण) मिळालं की हिवाळाभराचं मांस फ्रीजरमध्ये. त्यांची जुनी रायफल .२७० विंचेस्टरची, हे काडतूस १९२५ सालचं पण इकडे अजून जोरात चालतं. तक्रार अशी की एका शनिवारी १०० यार्डावर, म्हणजे साधारण ९१ मीटरवर, सगळ्या गोळ्या इंचभरात बसतात आणि पुढच्या शनिवारी त्याच डब्यातली काडतुसं तीन तीन इंच पसरतात. रोजच वाईट लागलं असतं तर शोधणं सोपं होतं, हे कधी बरोबर कधी चूक वालं दुखणं फार छळतं. मी मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे, दिवसभर हातात बारीक मापं घ्यायचं डायल गेज, म्हणून त्यांनी मला बोलावलं.

आजोबांचा संशय पावडरवर. माझं म्हणणं होतं की काडतुसाला दोष द्यायच्या आधी रायफल बघू. त्याला सोपी परीक्षा आहे, पूर्वी या रायफलीतून चांगलं लागलेलं कंपनीचं तयार काडतूस आणायचं आणि तेच झाडून बघायचं. झाडलं, तेही पसरलं. म्हणजे सगळाच दोष भरण्यात नाही हे तिथेच नक्की झालं. दुर्बिणीचे स्क्रू पाहिले, घट्ट होते. नळी तांबं काढायच्या केमिकलने साफ केली, कारण गोळीच्या वरच्या पत्र्याचं तांबं आत चिकटून बसतं, पण त्याने फार काही बदललं नाही. मग एक डॉलरची नोट नळी आणि लाकडी दस्त्याच्या मधल्या फटीतून पुढून मागे सरकवत नेली. अर्ध्यात डावीकडे अडकली. तिथे लाकूड नळीला टेकलेलं!

दस्ता अक्रोडाचा, रायफल राहते तळघरात. ओल लागली की लाकूड फुगतं, हवा कोरडी झाली की आकसतं. गोळी सुटताना नळी थरथरते, ती थरथर दरवेळी सारखी असली तर गोळ्या एकाच जागी जातात, पण एका अंगाने लाकूड आज टेकतंय अन् उद्या नाही असं असलं तर मग कागदावर रांगोळीच. शनिवारचा हिशोब इथे लागला. आजोबांनी तेवढी जागा सँडपेपरने घासून मोकळी केली, उघड्या लाकडावर सीलर लावला. (काही रायफलींना पुढच्या टोकाशी मुद्दाम टेकू दिलेला असतो, तो माहीत करून न घेता काढायचा नाही.) कंपनीचं काडतूस पुन्हा इंचाच्या आसपास यायला लागलं.

पण हाताने भरलेल्यातली मधूनच एखादी गोळी अजूनही फटकून जायची. म्हणून मी त्यांच्या बाकाशेजारी स्टूल टाकून बसलो. वजनकाटा आधी पाहिला, इथे माप ग्रेनमध्ये, ०.१ ग्रेन म्हणजे साडेसहा मिलिग्रॅम, आपल्या सोनाराच्या गुंजेचा जवळपास विसावा हिस्सा, आणि काटा नेमका हीटरच्या झरोक्याखाली, वारा लागला की आकडा हलणार. काटा दुसरीकडे ठेवला. तरी गोळ्या फटकतच होत्या.

खरी गोष्ट प्रेसच्या, म्हणजे काडतूस भरायच्या हातयंत्राच्या, दांड्यात होती. पुंगळीच्या तोंडात गोळी बसवताना दांडा खाली ओढायचा असतो. आजोबांनी ओढला, मी म्हटलं मला द्या. एक गोळी लोण्यासारखी आत गेली, दुसरीला जोर लागला, तिसरी पुन्हा मऊ, मग एक अशी की जाताना बारीक करकर हाताला जाणवली. पुंगळ्या उलट्या करून बुडावरचे शिक्के पाहिले तर दोन-तीन कंपन्यांच्या एकाच डब्यात, काही नव्या तर काही कितीतरी वेळा वापरलेल्या. पितळ वापरून वापरून कडक होतं, झाडताना मान, म्हणजे गोळी धरणारा तोंडाकडचा भाग, फुगते, परत भरताना डायमध्ये (साच्यात) आवळली जाते, असं होत होत मानेचा लवचिकपणा जातो आणि प्रत्येक पुंगळी गोळीला वेगवेगळ्या जोराने धरते. पकड वेगळी, की आतला दाब चढण्याची वेळ वेगळी, की वेगही वेगळा. मऊ गेलेल्यांवर निळी खूण, जोर लागलेल्यांवर लाल. दोन्ही वेगळ्या कागदांवर झाडल्या, गोळीचा वेग मोजणारा क्रोनोग्राफ लावून. प्रत्येक रंगाचा पसारा आटोक्यात, पण दोघांचे वेग वेगळे आणि जागाही वर-खाली वेगळ्या. आजोबा दोन्ही कागद एकावर एक ठेवून उजेडात धरून बराच वेळ बघत होते, मलाही लई आनंद झाला.

आता पुंगळ्या कंपनीप्रमाणे आणि वापराप्रमाणे वेगळ्या केल्यात, तडा गेलेल्या फेकल्या, बाकीच्यांच्या फक्त माना तापवून मऊ करून घेतल्या, बूड कधीच तापवायचं नाही कारण दाब तेच सोसतं. आणि पुंगळीची कंपनी बदलली की आतली जागा बदलते, म्हणून पावडर पुन्हा छापील मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या मापापासूनच, अंदाज अजिबात नाही.

इकडे बरेच जण काय करतात, नेम बिघडला की पावडरही बदलतात, गोळीही, बसवायची खोलीही, सगळं एकाच दिवशी, आणि तीन गोळ्या जवळ पडल्या की झालं म्हणतात. तीन गोळ्या योगायोगानेही जवळ पडतात हो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नळी मधे मधे थंड होऊ द्यायची आणि पाच-दहा गोळ्यांचा पसारा बघितल्याशिवाय काही ठरवायचं नाही, माझं तरी हेच मत आहे.

मला याची एवढी तळमळ का, तर लहानपणी जागलीला, म्हणजे रात्री शेत राखायला, बाबांसोबत जायचो तेव्हा कुणाच्या तरी भरमारचे (ठासणीच्या बंदुकीचे) छर्रे लागलेला रोही, म्हणजे नीलगाय, नाल्यात पडलेला पाहिलाय, मागचे पाय ओढत होता. तुरीचं नुकसान आमचंही झालं होतं, राग आम्हालाही होता, पण तसं मरण कोणत्याच जनावराला येऊ नये. तीन इंच पसरणारी रायफल लांबच्या हरणावर धरली तर तेच होणार.

आता राहिली थंडी. पावडर उन्हाळ्यात आणि गोठवणाऱ्या हवेत सारखी जळत नाही, आणि इथला सीझन ऑक्टोबरच्या शेवटी सुरू होऊन नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंग सणानंतरच्या रविवारपर्यंत चालतो, पहाटे पारा शून्याखाली. म्हणून गारठा पडला की रोज सकाळी थंड नळीतून एकच गोळी, रोज त्याच कागदावर, कारण जनावरावर सुटते ती पहिलीच असते. आजोबांनी कागद आताच फळीला ठोकून ठेवलाय, तो भरला की फोटो टाकतो.