भरीचा ‘च’

मंडळी, मागच्या नोंदीत मी ऐटीत लिहिलं होतं की भुजंगप्रयात हे वृत्त आता अंगवळणी पडलं. ओळीत बारा अक्षरं, चार वेळा लगागा (ल म्हणजे लघू, एका मात्रेचं अक्षर; गा म्हणजे गुरू, दोन मात्रांचं), एकूण २० मात्रा. ते खोटं नव्हतं. मोजणीचे मला कष्ट पडत नाहीत. नोकरीत उभा जन्म हिशेब तपासण्यात गेला, त्यामुळे ओळ समोर आली की आधी तिची बेरीज दिसते आणि अर्थ मागून चालत येतो. बेरीज जुळली की काम संपलं, हीही त्याच नोकरीची सवय. या खेपेची सगळी नोंद या सवयीबद्दल आणि तिच्यापायी ओळीत कोंबलेल्या भरीच्या शब्दांबद्दलच आहे.

तुम्हाला दाखवलेल्या गझलेतला हा शेर आठवत असेल:

नवे नाव आता घराच्याच दारी
जुनी एक किल्लीच हातात आहे

तुमच्यापैकी एकानं विचारलं, ‘वृत्त चोख आहे, पण दोन ओळींत दोन ‘च’ कशाला?’ मी लगेच उत्तर लिहायला बसलो. पहिला ‘च’ ठासून सांगण्यासाठी, दुसरा विरोध दाखवण्यासाठी, असं काहीबाही लिहिलं आणि मग खोडलं. कारण खरं उत्तर एवढंच होतं की दोन्ही ठिकाणी एकेक लघू कमी पडत होता.

मग लाल पेन घेऊन अख्खी वही तपासली. १४ गझला, ९१ शेर. त्यांतल्या ५८ शेरांत निदान एक तरी शब्द काढला तर अर्थाचं काहीच बिघडत नाही, बिघडते ती फक्त मात्रांची बेरीज. गंमत म्हणजे माझ्याकडे प्रत्येक मापाचा बोळा तयार निघाला. एक लघू कमी पडला की ‘च’ किंवा ‘न’. गुरू हवा असेल तर ‘हा’, ‘तो’, ‘ही’. लगा हवं तर ‘जरा’, ‘पुन्हा’. दोन गुरूंचं भोक असेल तर ‘आता’ आहेच. ‘आता’ एकंदर २३ वेळा सापडला! इतक्या वेळा ‘आता’ म्हणणारा माणूस नेमका कधीचं बोलतोय कोण जाणे.

यांचाच चुलतभाऊ म्हणजे ‘जाउनी, पाहुनी, सोडुनी’. ‘जाऊन’ म्हटलं की गागाल, आणि ‘जाउनी’ केलं की हवं तिथे गालगा मिळतं. सोय मोठी आहे. पण शेजारच्या ओळीत मोबाइल वाजत असताना या ओळीत कुणी ‘सोडुनी’ गेलं, की एकाच शेरात दोन जमाने नांदायला लागतात. श्लोक किंवा आर्या लिहीन तेव्हा वापरीन, गझलेत नको, असं सध्या ठरवलंय. ‘अन्’बद्दल मात्र मी हट्टी आहे. तो बोलण्यात येतो, त्यामुळे ओळीतही येणार.

किल्लीच्या शेराला आठ दिवस लागले. ‘च’ काढला की ‘हातात’च्या आधी एका लघूची जागा रिकामी राहते, आणि तिथे बसेल असं एकाक्षरी काहीच सापडेना. मग लक्षात आलं की मी ‘हातात’ला खुंटा समजून त्याच्याभोवती फिरतोय. खुंटा तो नव्हताच. रदीफ (दर शेराच्या शेवटी तोच येणारा शब्द) ‘आहे’, काफिया (त्याच्या आधीचं यमक) ‘-ात’, म्हणजे लगागा असे तीन स्वर आणि मग ‘त’, एवढीच अट. उन्हाळ्यात, घराण्यात, दुकानात, मनोऱ्यात… कागदाच्या कडेला यादी करत गेलो. आणि शेवटी खरंखुरं आठवलं. ती किल्ली माझ्या हातात कधी नव्हतीच. ती खणात, जुन्या वायरी आणि बंद पडलेल्या बॅटऱ्यांखाली पडलेली होती. ‘खणात’ वृत्तात बसत नाही, पण:

घराला नवा रंग, पाटी नवी अन्
जुनी एक किल्ली पसाऱ्यात आहे

वरच्या ओळीतला ‘आता’ आपोआप गळाला, दोन्ही ‘च’ गेले आणि रंग व पाटी या दोन दिसणाऱ्या वस्तू आल्या. मोजून पाहा, मात्रा तेवढ्याच आहेत. मला यात सगळ्यात जास्त टोचलं ते हे की ‘हातात’ ही थाप होती, आणि ती केवळ काफिया लवकर मिळाला म्हणून मी दोन महिने खपवून घेतली.

याच गझलेतला आणखी एक शेर पूर्ण फाडला. त्याचा शेवट ‘मला नेत आहे’ असा होता. वृत्त बरोबर, ‘त’ही ऐकू येतो, पण त्याच्या आधीचा स्वर ‘ए’. बाकी शेरांत तो ‘आ’ आहे. म्हणजे अलामत (यमकाच्या अक्षराआधीचा ठरलेला स्वर) गेली. हे मला मोजताना दिसलं नाही. फोनवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ऐकला तेव्हा कान तिथे ठेचकाळला. नव्यानं वृत्तात लिहिणाऱ्यांना माझी एवढी एक शिफारस आहे, आधी मोठ्यानं वाचा आणि बोटांवर नंतर मोजा. आघाताचा, म्हणजे जोडाक्षराचा जोर आधीच्या अक्षरावर पडतो की नाही याचा, घोळही असाच सुटतो. ‘तुझ्या’तला ‘तु’ जोडाक्षराच्या आधी असूनही लघूच राहतो आणि ‘मुद्दा’तला ‘मु’ गुरू होतो, हे नियम पाठ करण्यापेक्षा उच्चारून पटकन कळतं.

माझं अर्धवट सुनीत (इंग्रजीतलं सॉनेट) जिथे होतं तिथेच आहे. केशवसुतांनी मराठीत आणलेला हा चौदा ओळींचा प्रकार माझ्या हातून आठव्या ओळीपर्यंत येतो आणि नवव्या ओळीच्या वळणावर आडवा होतो. शार्दूलविक्रीडित घेतलंय, १९ अक्षरांची ओळ, बाराव्या अक्षरावर यती, म्हणजे विराम. एवढ्या लांब ओळीत बोळे कोंबायला जागाही भरपूर, त्यामुळे सध्या तिकडे फिरकतच नाही.

मधेच एक अनपेक्षित गोष्ट झाली. शेराशी झटापट चालू असताना एका सकाळी चष्मा सापडेना, आणि शोधता शोधता हे चार चरण आले:

चष्मा शोधताना । सापडली वही ।
शेवटली सही । वडिलांची ॥

सहा, सहा, सहा, चार. दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक. अभंगात लघू-गुरूचा जाच नाही, नुसती अक्षरं, हे खरं. तरी मी ते मोजले नव्हते. लिहून झाल्यावर सवयीनं मोजले आणि बरोबर निघाले. पुढचा चौक (असे चार चरण) अजून आलेला नाही, आणि ओढून आणायचा नाही असं ठरवलंय.

गझलेचा मतला, म्हणजे दोन्ही ओळींत काफिया लागणारा पहिला शेर, अडलाय. ‘कुणाची तरी हाक कानात आहे’ ही ओळ वृत्तात आहे, काफिया आहे, भरीचा शब्दही नाही, पण ती इतकी वापरून गुळगुळीत झालेली आहे की माझी वाटत नाही. तरी वहीत ठेवलीय. जोडीला दुसरी ओळ ‘उन्हाळ्यात आहे’ने संपावी असं वाटतंय. कुणाला काही सुचलं तर कळवा, फक्त ‘आता’ टाळून.